वारा कुठून येतोय ते आधी बघा

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उशिरा घरी परतणाऱ्या मुलींबद्दल लिहिताना मी पेपर स्प्रेचा, म्हणजे हल्लेखोराच्या डोळ्यांत मारायच्या मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याचा, एका ओळीत उल्लेख केला होता. त्या ओळीवर दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त याच प्रश्नांची उत्तरं देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पोलीस खात्यातून निवृत्त झाले आणि आता रत्नागिरीत मुलींना स्वसंरक्षण शिकवते. कुठल्याही कंपनीची शिफारस मी करत नाही, त्यामुळे कृपया ब्रँडचं नाव विचारू नका.

प्रश्न : ताई, माझी मुलगी रत्नागिरीला कॉलेजात जाते. प्रॅक्टिकल असलं की शेवटच्या एसटीने येते, फाट्यावर उतरते आणि काजूच्या बागांमधून वाडीपर्यंत चालत येते. दुकानात स्प्रे बघायला गेलो तर एका डब्यावर '२० लाख एसएचयू' आणि दुसऱ्यावर '५० लाख' छापलेलं. दुसरा जास्त चांगला समजायचा का?
— एक वडील, लांजा तालुका

उत्तर : नाही. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. एसएचयू म्हणजे स्कोव्हिल हीट युनिट. तिखटपणा मोजायची ही पट्टी विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली काढली. मिरचीत जे झोंबतं ते कॅप्सेसिन अगदी शुद्ध घेतलं तर या पट्टीवर सुमारे १ कोटी ६० लाख भरतं. डब्यावरचा आकडा बहुतेक वेळा आत घातलेल्या मूळ अर्काचा असतो. तो अर्क पुढे किती पातळ केला, हे त्यावरून कळत नाही. '१० टक्के ओसी' या मजकुराचीही तीच गत. ओसी म्हणजे ओलिओरेझिन कॅप्सिकम, मिरचीचा तेलकट अर्क. आता १० टक्के अर्क बेडगीचा की लवंगीचा, यात किती फरक पडेल हे मिरची दळणाऱ्या कुठल्याही घराला सांगायला नको. बघायचा आकडा असतो 'मेजर कॅप्सेसिनॉइड्स'चा, म्हणजे डब्यातल्या तयार द्रावात झोंबणारं द्रव्य प्रत्यक्षात किती आहे त्याचा. अमेरिकेत सामान्य ग्राहकांच्या स्प्रेमध्ये हे प्रमाण १.३३ टक्क्यांपर्यंत जातं. हा आकडा छापणारा उत्पादक मिळाला तर त्याचा डबा घ्या.

पण आपल्या किनाऱ्यावर मी तिखटपणाच्या आधी दुसरीच गोष्ट विचारते : डब्यातून काय बाहेर येतं? धुक्यासारखा पसरणारा फवारा, सरळ धार, की घट्ट जेल? पसरणाऱ्या फवाऱ्याला नेम फारसा लागत नाही, म्हणून दुकानदार तोच पुढे करतो. मुंबईच्या एखाद्या आडोशाच्या गल्लीत तो चालेलही. आपल्याकडे दुपारनंतर खारा वारा सुटला की तो फवारा दोन-तीन फुटांवरून मागे वळतो आणि मारणारीच्याच डोळ्यांत जातो. धार सात ते दहा फुटांपर्यंत बऱ्यापैकी सरळ जाते. जेल आणखी लांब जातो, वाऱ्याने कमी उडतो आणि जिथे लागतो तिथे चिकटतो. मात्र त्याला नेम लागतो आणि त्याचा असर व्हायला क्षण-दोन क्षण जास्त जातात. तुमच्या मुलीच्या वाटेसाठी मी धार किंवा जेल म्हणेन. जेल तालुक्याच्या दुकानात सहसा नसतो, मागवावा लागतो.

बाकीचं थोडक्यात. लिपस्टिकएवढे नाजूक डबे दिसायला छान असतात, पण त्यांत दोन-तीन फवाऱ्यांपुरताच माल असतो आणि पकड बसत नाही. मुठीत मावेल आणि अंगठा वर मोकळा राहील, एवढा डबा हवा. झाकण अंगठ्याने उचलता येणारं किंवा कडी फिरवून उघडणारं असावं, आणि ते अंधारात चाचपून उघडता आलं पाहिजे. दुकानातच डोळे मिटून बघा. चांगला डबा ₹२०० ते ₹५०० मध्ये मिळतो. मुदतीची तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मुदत संपली की अर्क बिघडण्याआधी आतला दाब जातो, आणि ऐन वेळी धार पायाशी पडते. उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीत डबा ठेवू नका. आपल्या खाऱ्या हवेत बटणाच्या फटीत क्षार साचतात, तेव्हा महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसत जा.

आणि एक मनापासून सांगते. स्प्रे घेऊन दिला म्हणून फाट्यावर न्यायला जाणं थांबवू नका. ज्या दिवशी शक्य असेल त्या दिवशी जा.

प्रश्न : स्प्रे घेऊन वर्ष झालं. पर्समध्ये तळाशी आहे. खरंच वेळ आली तर मला काही सुचेल का?
— एक विद्यार्थिनी, गुहागर

उत्तर : पर्सच्या तळाशी असेल तर तो नाहीच असं समज. कोणी अंगावर आल्यावर चेन उघडायची, रुमाल, चाव्या, चार्जर बाजूला करायचे, झाकण शोधायचं, एवढा वेळ कोणी देत नाही. जिथे मनात शंका येते तिथून डबा हातात हवा. एसटीतून उतरण्याआधी हातात घे, घराच्या पायरीवर आत ठेव. ओढणीखाली किंवा रेनकोटच्या खिशात मूठ असली तर कोणाला दिसतही नाही. पावसाळ्यात आपल्या एका हातात छत्री आणि दुसऱ्यात मोबाईल असतो. त्यातला मोबाईल आत टाक. छत्री राहू दे. समोरच्याच्या तोंडासमोर उघडी छत्री धरली की अंतर राहतं आणि तेवढी सवड मिळते.

पकड अशी : चार बोटं डब्याभोवती, अंगठा बटणावर. तर्जनीने दाबू नकोस, त्यात डबा हातातून हिसकावला जातो. दुसरा हात समोर पसरून पुढे. मग पोटातून ओरड, "थांब! मागे हो!" माझ्या वर्गात मुलींना सगळ्यात जड जातं ते हेच. बटण दाबायला सगळ्या तयार असतात, आवाज मात्र घशात अडकतो. तो काढायला शीक. समोरचा नुसताच पत्ता विचारायला आलेला कोणी असेल तर या ओरडण्याने जागच्या जागी थांबेल. जो ऐकूनही पुढे येतो, त्याने त्याचा हेतू सांगितलेला असतो. शिवाय आजूबाजूच्या घरांतून कोणीतरी डोकावतं, आणि पुढे साक्षीदार लागलाच तर तो मिळतो.

अंतर सात-आठ फूट असतानाच डोळ्यांच्या रेषेत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अर्धा ते एक सेकंद मार. गरज वाटली तर पुन्हा तसाच. आणि लगेच दोन पावलं बाजूला हो, कारण डोळे मिटले तरी माणूस जिथे तू शेवटची दिसलीस त्याच दिशेने धावून येतो. मग पळ. उजेड, दुकान, माणसं जिथे असतील तिकडे. असर साधारण २० ते ४५ मिनिटं टिकतो, पण तो बघायला उभी राहू नकोस. हेल्मेट घातलेल्या, मोठा चष्मा असलेल्या किंवा खूप प्यायलेल्या माणसावर परिणाम कमी किंवा उशिरा होऊ शकतो. स्प्रेने त्याला लोळवायचं नाहीये. तुला पळायला सवड मिळाली की त्याचं काम झालं.

सरावासाठी पाणी भरलेले डबे मिळतात. ते न मिळाल्यास डिओडरंटच्या डब्यावर पकडीचा सराव कर. मी मुलींना भाट्याच्या किनाऱ्यावर नेते. सुरूच्या झाडाला चेहऱ्याच्या उंचीवर जुनी ओढणी बांधते आणि वेगवेगळ्या दिशांनी उभं करून मारायला लावते. वाऱ्याच्या तोंडावर उभं राहून मारलेलं पाणी स्वतःच्या गालावर आलं की पुढे कोणालाच वाऱ्याबद्दल समजवावं लागत नाही.

प्रश्न : ताई, मी मासे इकतंय. पहाटे काळोखात दांड्यार लिलावाक जातंय, कमरेक पैशे असतत. ह्यो स्प्रे माझ्यासारख्या बाईक झेपात काय? (चिठी भाच्यान लिवन दिल्यान.)
— मालवण

उत्तर : मावशी, तुम्हाला तो इतरांपेक्षा चांगला झेपेल, कारण वारा तुम्हाला कळतो. तुम्ही जाता त्या वेळी मतलई वारा असतो, जमिनीकडून दर्याकडे. म्हणजे किनाऱ्याकडे चालताना वारा तुमच्या पाठीवर. समोरून कोणी आला तर तो वारा तुमच्या बाजूचा आहे, बिनधास्त मारा. कोणी गावाच्या बाजूने मागून आला आणि तुम्ही नुसत्या गर्रकन वळलात, तर मात्र वारा तुमच्या तोंडावर येतो. तेव्हा वळता वळताच डावी-उजवीकडे चार पावलं टाका, वारा आडवा घ्या आणि मग मारा. उन्हं चढल्यावर घरी परतता तेव्हा सगळं उलटं होतं. खारा वारा सुटला की दर्याकडे पाठ करून उभं राहायचं. आणि जूनपासून पुढे पावसाळी वारं असेपर्यंत पहाट असो की संध्याकाळ, नैऋत्येकडून येणारा जोर धरूनच चाला.

भिजल्या हाताने डबा सटकतो. त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून घ्या, भाचा करून देईल. डबा पैशांच्या पिशवीत ठेवू नका. कोणी पिशवीच ओढली तर स्प्रेही त्याच्याबरोबर जातो. कनवटीला वेगळा ठेवा. आणि हे तुम्हालाही पटेल : पिशवी सोडून दिल्याने जीव वाचत असेल तर पिशवी सोडा. स्प्रे अंगाला हात लावणाऱ्यासाठी. लिलावाला जाणाऱ्या बायकांनी दोघी-तिघींनी मिळून निघायचं ठरवलंत तर त्याहून उत्तम.

प्रश्न : आई म्हणते स्प्रेला पैसे कशाला, पुडीत मिरचीपूड बांधून ने. युट्यूबवर घरी स्प्रे करायची कृतीही आहे. चालेल?
— खेड

उत्तर : आईची काळजी खरी आहे, पण उपाय धोक्याचा. मसाल्यासाठी मिरच्या भाजताना घरभर ठसका लागतो, तेच द्रव्य स्प्रेमध्ये असतं. म्हणून आईला पूडही तेच काम करेल असं वाटतं. पूड मात्र दाबाखाली नसते. हाताने उडवली की तीन-चार फुटांत विखुरते, आणि जराही वारा असेल तर तुझ्याच तोंडावर येते. पुडी उघडायला दोन हात लागतात. घरी पाण्यात किंवा तेलात मिरची उकळून बाटलीत भरलेलं द्रावण काही दिवसांत आंबतं, गाळ बसून तोटी तुंबते. बनवताना डोळे आणि हात भाजतात ते वेगळंच. आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ते भरून ठेवल्याचं मी पाहिलंय. घरात लहान मूल असताना असं काही करू नका.

प्रश्न : मैत्रीण म्हणते स्प्रे मारलास तर तोच तुझ्यावर केस करेल. स्प्रे बाळगायला परवाना लागतो का?
— चिपळूण

उत्तर : परवाना लागत नाही. पेपर स्प्रे विकत घेणं आणि बाळगणं आपल्याकडे बेकायदा नाही.

वापराचं मात्र नीट समजून घे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. कलम ३४ म्हणतं की या हक्काच्या वापरात केलेली कृती गुन्हा नाही. कलम ३७ त्याला मर्यादा घालतं : बचावासाठी आवश्यक आहे त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला पुरेसा वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. म्हणजे तो अंगावर येतोय तेव्हा मारलास तर कायदा तुझ्या बाजूने. तो पळून जातोय, खाली बसून खोकतोय, आणि तू रागाने आणखी मारतेस, तर नाही. दुसऱ्या दिवशी चार मैत्रिणी घेऊन त्याला गाठलंस, तर मुळीच नाही. भांडणात, जागेच्या वादात, पार्किंगवरून तर डबा बाहेरच काढायचा नाही. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशाच एका वादातला गुन्हा रद्द करायला नकार देताना पेपर स्प्रे हे घातक शस्त्र ठरू शकतं असं म्हटलं होतं. त्याआधी फेब्रुवारी २०१४ मध्ये एका खासदारांनी थेट लोकसभेत स्प्रे मारला, आणि काही सदस्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. बंद जागेत तो काय करतो याचं ते उदाहरण साऱ्या देशाने पाहिलं आहे.

त्यामुळे एसटीत, सहा आसनी रिक्षात, लिफ्टमध्ये शक्यतो वापरू नकोस. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या आजोबांना दमा असू शकतो, आणि तूही त्याच हवेत अडकलेली असतेस. एसटीत कंडक्टरला मोठ्याने हाक मार, गाडी थांबवायला लाव.

प्रसंग घडलाच, तर सुरक्षित जागी पोचल्याबरोबर ११२ ला फोन कर. तो आधी ठाण्यात जाऊन रडगाणं गाईल याची वाट बघू नकोस, तू आधी तक्रार दे. हद्द आपली नाही म्हणून कोणी परत पाठवलं तर शांतपणे 'झिरो एफआयआर' घ्या म्हण. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. वापरलेला डबा फेकू नकोस, पोलिसांना दाखव. आणि "मी एकदाच मारला, तो अमुक अंतरावर होता, मी आधी ओरडले होते" हे आठवतंय तोवर लिहून काढ. नोकरीत असताना मी असे बरेच जबाब घेतले. ज्या बायकांनी त्याच रात्री कागदावर लिहून ठेवलं होतं, त्यांचा जबाब पुढे डगमगला नाही.

प्रश्न : खेळता खेळता मुलाने माझ्या पर्समधला स्प्रे दाबला, दोघांच्याही डोळ्यांत गेला. सासूबाईंनी खोबरेल लावलं, शेजारच्यांनी ताक ओतलं. बरोबर होतं का?
— देवगड

उत्तर : खोबरेल नको होतं. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. तेल लावलं की ते त्वचेवर पसरतं आणि टिकून राहतं. डोळ्यांत तर तेल कधीच नको. ताकानं फारसं बिघडलं नसेल, पण डोळ्यांत घालायला स्वच्छ पाण्याइतकं सुरक्षित काही नाही. दूध, बेबी शाम्पू, साधं पाणी अशा उपायांची प्रयोगात तुलना झाली तेव्हा वेदना कमी होण्यात त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही. जो फरक पडला तो जाणाऱ्या वेळाने.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मोकळ्या हवेत या. डोळे चोळू नका, भराभर उघडझाप करा, अश्रू येऊ द्या. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढा आणि टाकून द्या. गार वाहत्या पाण्याने १५-२० मिनिटं डोळे धुवा. चेहऱ्याला सौम्य साबण किंवा बेबी शाम्पू लावून धुवा, घासू नका. कपडे बदला, हात साबणाने दोनदा धुवा. श्वास लागला, घरघर ऐकू आली, कोणाला दमा असेल, किंवा तासाभरानंतरही दिसायला धूसर वाटलं तर थेट दवाखाना. लहान मुलासाठी एवढी वाटही पाहू नका. आणि पर्स आता खुंटीवर, उंच.

प्रश्न : आंब्याच्या बागेत वानरं येतात. त्यांच्यावर मारला तर? गवा समोर आला तर?
— कणकवली तालुका

उत्तर : दोन्हीला नको. वानर झाडावर, डबा दहा फुटांचा. खाली पडेल ते तुमच्यावर. शिवाय वन्यजीवांना इजा करणं १९७२ च्या कायद्याखाली येतं. गव्याला वाट द्या, मागे सरका, वनखात्याला कळवा. परदेशात अस्वलांसाठी असतो तो स्प्रे वेगळा, खूप मोठा आणि लांब पल्ल्याचा. आपल्या खिशातला डबा त्या कामाचा नाही. अंगावर धावून आलेल्या कुत्र्याला मात्र धारेने आवरता येतं, तेही चावण्याच्या बेतात असेल तरच.

प्रश्न : मला रस्त्याची भीती नाही. भीती घरातल्या माणसाची आहे. दीर पिऊन येतात, नवरा मुंबईला असतो. उशाशी स्प्रे ठेवू का?
— नाव देऊ नये, राजापूर तालुका

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही एकट्या नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या सुमारे ९५ टक्के प्रकरणांत आरोपी ओळखीचा असल्याचं वर्षानुवर्षे दिसतं आहे. स्प्रेच्या जाहिराती अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस दाखवतात, आणि तुमच्यासारखीचा प्रश्न तसाच राहतो.

उशाशी ठेवायला मी नाही म्हणणार नाही. पण बंद खोलीत तो तुमच्या मुलांच्याही डोळ्या-नाकात जाईल, म्हणून तिथे जेलच घ्या, आणि मारल्यावर दार उघडून मुलांसह बाहेर पडायची वाट आधीच ठरवा. कडी आतून सहज निघते का ते आज बघा. शेजारच्या एका तरी बाईला सांगून ठेवा की हाक ऐकली तर दार उघड.

स्प्रे एखादी रात्र निभावेल. त्याच्यापुढचं काम कायद्याचं आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त नवऱ्याविरुद्ध नाही. एका घरात राहणाऱ्या दिराविरुद्धही संरक्षणाचा आदेश मागता येतो, आणि त्या घरात राहण्याचा तुमचा हक्क तो कायदा राखतो. १८१ या महिला हेल्पलाईनवर फोन करा, त्या तुम्हाला संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत आणि जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरपर्यंत पोचवतील. तिथे समुपदेशन, वकील, वैद्यकीय मदत आणि गरज पडल्यास काही दिवसांचा निवारा मिळतो. तातडीला ११२. नवऱ्याला फोनवर नुसतं "त्रास होतो" असं सांगू नका, काय घडलं ते तारखेसह सांगा आणि मेसेजही करून ठेवा. तुम्हाला हवं असेल तर मला मासिकाच्या पत्त्यावर पुन्हा लिहा, मी सोबत येईन.

प्रश्न : चिपी किंवा मोपाहून विमानाने जाताना स्प्रे नेता येतो का? आणि मुदत संपलेल्या डब्याचं काय करायचं?
— सावंतवाडी

उत्तर : विमानात नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि खाली द्यायच्या सामानातही नाही. घरी ठेवून जा, उतराल त्या गावी नवा घ्या.

मुदत संपलेला डबा चुलीत, कचऱ्याच्या ढिगात किंवा भाजावळीत टाकू नका. दाबाखालचा डबा आगीत फुटतो. तो सरावाला वापरा. माणसं, गुरं नसतील अशा उघड्या जागी वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा, लांबून झाडाच्या खोडावर मारा, धार किती फूट जाते आणि कुठे वाकते ते बघा. पूर्ण रिकामा झाला की भंगारवाल्याकडे द्या, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका.